भाऊ व्हीलचेअरवर आहे, रोइंग करायचंय. छातीचा पट्टा, फ्लोट, जॅकेट सगळं सेफ कसं करायचं?

होटगी_रोडची_ताई

नमस्कार सगळ्यांना. धाकट्या भावासाठी विचारायलेय. वय २४, स्लॅबवरून पडला, मणक्याला टी १० ला (म्हणजे छातीमागच्या मणक्यांतला दहावा) मार, कमरेखाली जाणीव नाही आणि हालचाल पण नाही. खांद्यात मात्र ताकद लई आहे. पॅरिस पॅरालिम्पिकला अनिता आणि नारायण कोंगनापल्ले यांची रेस मोबाईलवर बघितली तेव्हापासून पोरगं रोइंग रोइंग करायलंय. जिममधल्या मशीनवर बसतो, कोच म्हणतात दम चांगला आहे. आता पुण्याच्या एका ओळखीच्यांनी क्लबातली जुनी सिंगल बोट दिलीय, आयशरवर बांधून आणली, घराशेजारच्या शेडमध्ये पडून आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचा मित्र आहे त्यानं ॲल्युमिनियमची पाठ टेकायची फिक्स सीट करून दिली, दोन्ही बाजूला पीव्हीसी पाईपचे फ्लोट लावायचं चाललंय. छातीला पट्टा लागतोच कारण पोटात कंट्रोल नाही, वल्हं ओढलं की पुढं कलंडतो. पट्टा म्हणून जुन्या गाडीचा सीटबेल्ट आणलाय, मजबूत आहे म्हणून. हिप्परगा तलावावर न्यायचं म्हणतायत.

माझा प्रश्न एवढाच की हा पट्टा चालेल का, लाईफ जॅकेट पट्ट्याच्या आत घालायचं का बाहेर, आणि बोट उलटली तर काय. आई म्हणते पोराला बांधून पाण्यात सोडणार का तुम्ही. तिला काय सांगू ते मला पण कळेना. त्याला नाही म्हणायचं नाहीये, पडल्यापासून पहिल्यांदा पोरगं कशासाठी तरी पहाटे उठायलंय. ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा.

वल्हेवाला_दापोडी

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि सगळी सेफ्टी तिथूनच सुरू होते. सीटबेल्ट आधी काढून टाका. पॅरा रोइंगच्या आंतरराष्ट्रीय नियमातच आहे की पट्टा किमान ५ सेंमी रुंद, न ताणणारा, त्याला कुठलंही यांत्रिक बक्कल नको आणि हाताच्या एका झटक्यात लगेच सुटला पाहिजे. म्हणून सगळे वेल्क्रो वापरतात. गाडीच्या बेल्टचं बटण कमरेशी असतं, ते दाबायला हाताचं बोट नेमकं तिथंच जावं लागतं, आणि पाण्याखाली, डोकं खाली, नाकात पाणी गेलेलं, अशा वेळी बटण शोधत कोण बसणार. त्यात अंगाचा भार बेल्टवर लटकत असेल तर बक्कल आणखी आवळून बसतं. आतला खटका गंजला किंवा त्यात वाळू गेली तर मग विषयच संपला.

वेल्क्रोचं पण एक समजून घ्या. पट्ट्याच्या लांबीत ताणलं तर ते सुटत नाही, पण टोकापासून सोललं की सहज निघतं. म्हणून टोकाला चार बोटं सहज जातील असा मोकळा लूप शिवून घ्या, भडक रंगाच्या कापडाचा. छातीचा, मांडीचा, सगळे पट्टे एकाच बाजूला सुटतील असे लावा, म्हणजे घाईत हात चुकणार नाही. कड्यातून ओवून परत मागं वळवलेला पट्टा असतो ना, तो नको, कारण वेल्क्रो सोललं तरी पट्टा कड्यातून सरकायला लागतो आणि भाराखाली तिथंच अडकतो. दोन टोकं छातीवर एकावर एक चिकटतील असं सरळ ठेवा. काट्याच्या बाजूत धागे, केस, शेवाळ अडकून पकड जाते, ते जुन्या टूथब्रशनं साफ करायचं आणि पकड सैल वाटली की पट्टाच बदलायचा, शिलाई मारून चालवायचा नाही.

दुसरं म्हणजे अनिता आणि नारायण यांची रेस बघून बोट सेट करू नका. त्यांनी हांगझोउ आशियाई पॅरा गेम्समध्ये रौप्य घेतलं ते पीआर ३ मिक्स्ड डबल स्कल्समध्ये, म्हणजे एक बाई एक पुरुष अशा दोघांच्या बोटीत. पीआर म्हणजे पॅरा रोइंगचे क्लास, शरीराचा किती भाग चालतो त्यावरून ठरतात. पीआर ३ मध्ये सीट रुळावर सरकते, पाय पण वापरतात, छातीला पट्टा नसतो. टी १० म्हणजे तुमचा भाऊ बहुतेक पीआर १ मध्ये येईल, त्यात फक्त हात आणि खांदे, सीट फिक्स, छातीचा पट्टा सक्तीचा आणि सिंगल बोटीला दोन्ही बाजूचे फ्लोट पण सक्तीचे. नक्की क्लास क्लासिफिकेशनवाले तपासून ठरवतात. पीआर १ ची स्टँडर्ड बोट मुद्दाम रुंद असते, वजन किमान २४ किलो. साधी रेसिंग सिंगल १४ किलोची, अरुंद. तुम्हाला मिळालेली क्लबातली जुनी बोट बहुतेक दुसऱ्या प्रकारातली असणार, तिच्यावर उंच पाठीची सीट चढवली की तोल आणखी वर जातो. बोटीचा मधला भाग मापून इथे टाका, अरुंद असेल तर मी तरी त्यात छातीला बांधून कोणाला बसवणार नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्लोट लावले की बोट उलटायची शक्यता खूप कमी होते हे खरं, पण एकदा उलटली की तेच फ्लोट तिला उलटीच धरून ठेवतात. ती आपोआप सरळ होत नाही. म्हणजे बाहेर यायचं ते त्यानं स्वतः पट्टा सोडून. त्यामुळे ओला पट्टा, डोळे मिटून, उजव्या हातानं आणि मग डाव्या हातानं, एका ओढीत सुटतो का हे जमिनीवर बसून पक्कं झाल्याशिवाय बोट शेडमधून हलवू नका.

पाना_कानस_सोलापूर

मी फॅब्रिकेशनवाला. रोइंगचं मला काही कळत नाही, पण एका मित्राची व्हीलचेअर आणि तीनचाकी मीच करून दिली म्हणून लिहायलोय. सीट बनवताना आपण मजबुती बघतो, कड बघत नाही. जाणीव नसलेल्या माणसाला वेल्डिंगचा एक खडा टोचत राहिला तरी कळत नाही, संध्याकाळी कपडे काढल्यावर रक्त दिसतं. त्या सीटच्या सगळ्या कडांवरनं, रिव्हेटवरनं, जॉइंटवरनं कापसाचा बोळा फिरवा. जिथं तंतू अडकला तिथं कानस मारा, मग पॉलिशपेपर, मग परत कापूस. मांडीच्या मागची कड आणि पाठीच्या पट्टीची वरची कड गोल वळवूनच घ्यायची. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग आरगॉन गॅसवर केलंय का ते पण विचारा की, नाहीतर दोन महिन्यात जॉइंटला केसासारखी चीर पडते आणि रंगाखाली दिसत नाही.

पीव्हीसी पाईपच्या फ्लोटला टोपणं चिकटवतात ती उन्हात ढिली होतात आन मग एक बाजू हळूहळू पाणी पिते. आपल्या सोलापूरच्या उन्हात पाईप पण ठिसूळ होतो. पाईप आतून पूर्ण फोमनं भरून घ्या, म्हणजे तडा गेला तरी पाणी शिरायला जागाच नाही. फ्लोट ज्या आडव्या दांडीला लागतो तिथं एका बोल्टावर विसंबू नका, दोन बोल्ट, स्टेनलेसचे, नायलॉक नट लावून. नायलॉक परत परत काढून लावला की आतलं नायलॉन पकडत नाही, तेव्हा नवा टाका, दोन रुपड्याची वस्तू आहे.

वल्हेवाला_दापोडी

पाना साहेबांनी मस्त सांगितलं. त्यात भर, फ्लोटची मधली रेघ बोटीच्या मधल्या रेघेपासून किमान ६० सेंमी लांब पाहिजे, आणि भाऊ सीटवर सरळ बसलेला असताना दोन्ही फ्लोटचे तळ पाण्याला टेकले पाहिजेत. रिकाम्या बोटीवर उंची लावली आणि मग तो बसला तर फ्लोट पाण्यात दाबले जातात, वल्ही नीट चालत नाहीत आणि मग पोरं वैतागून फ्लोट वर चढवतात, तिथं गडबड होते. रिगरचे, म्हणजे वल्हं धरणाऱ्या बाहेरच्या दांड्यांचे, नट १० आणि १३ नंबरच्या पान्यानं प्रत्येक वेळी पाण्यात जायच्या आधी तपासायचे, वल्हं अडकवून ठेवणारं गेट बंद आहे का बघायचं. पुढच्या टोकाला ४ सेंमीचा पांढरा रबरी बॉल नसेल तर लावून घ्या, तो दुसऱ्यांना भोसकू नये म्हणून असतो.

जुन्या बोटीत अजून एक. पुढं मागं जे बंद कप्पे असतात त्यांची झाकणं सैल झालेली असतात. उथळ पाण्यात बोट पूर्ण भरून बघा, कप्प्यात पाणी शिरतंय का. नियम असा आहे की बोट पाण्यानं भरून त्यावर रोवर बसला तरी सीट पाण्याच्या पातळीखाली ५ सेंमीपेक्षा जास्त जायला नको. तसं होत नसेल तर ती बोट त्याला धरून राहता येईल अशी राहतच नाही.

फिजिओ_जुळे_सोलापूर

पट्टा आणि बोट यावर वर छान लिहिलंय. मी शरीराचं लिहिते. टी ६ आणि त्याच्या वरच्या इजेत घट्ट पट्टा, भरलेली लघवीची पिशवी, अंगाखाली आलेली सुरकुती अशा साध्या कारणानं बीपी एकदम वर जाऊ शकतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तसं झालं तर ताठ बसवायचं, सगळे पट्टे सैल करायचे, पिशवीची नळी पिळली गेली आहे का बघायचं आणि उतरत नसेल तर सरळ दवाखाना. तुमच्या भावाचं टी १० आहे म्हणजे हा धोका त्याला बराच कमी, तरी हा धागा अजून कोणी वाचेल म्हणून लिहिलं.

त्याला खरा धोका दोन गोष्टींचा. एक म्हणजे कातडी. वल्हं मारताना बूड सीटवर घासतं, त्यात कपडे ओले. जीन्स, मागच्या खिशाची शिवण, बटण काहीही नको. पाण्यातून आल्यावर आरशानं किंवा मोबाईलनं फोटो काढून बसायच्या हाडांवरची जागा बघायची, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर डाग पूर्ण जाईपर्यंत बसणं बंद. जाड हवेची गादी घातली की कातडी वाचते पण माणूस उंच होतो आणि बोट डुगडुगते, म्हणून गादी आधी ठरवा आणि फ्लोटची उंची तीच गादी घालून लावा. उन्हात ठेवलेली ॲल्युमिनियमची सीट हा वेगळा विषय, जाणीव नसलेल्या मांडीला चटका बसतो आणि फोड आल्यावरच कळतं. बोट उन्हात उभी असेल तर सीटवर ओलं गोणपाट टाकून ठेवा, बसवायच्या आधी तुमच्या मनगटानं तपासा.

दुसरं म्हणजे ऊन. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, शरीर थंड व्हायचं साधनच अर्धं. एप्रिल मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत बाहेर यायचं, मानेवर ओला पंचा, पाणी हाताशी. आणि त्याच्या पायाची हाडं आता आधीसारखी नाहीत. वापर नसल्यानं ठिसूळ होतात. बोटीत बसवताना चार पोरं चार बाजूंनी उचलतात तेव्हा पाय कडेवर आपटून मोडल्याची केस मी बघितली आहे. एकानं फक्त पायांकडे बघायचं, दुसरं काही करायचं नाही.

चाकावरचा_गडी

मी स्वतः पॅराप्लेजिक, माझे पण पाय चालत नाहीत, मशीनवर आणि पाण्यावर दोन्हीकडे बसतो. सगळे छातीच्या पट्ट्यावर बोलतायत, मी पायांवर बोलतो. उलटल्यावर छातीचा पट्टा सुटतो, माणूस वर यायला बघतो आणि पाय बुटात अडकलेले असतात. ज्याला पाय हलवता येतात तो झटकून काढतो, आपल्याला ते जमत नाही आणि अडकलेत हे कळतही नाही. क्लबातल्या जुन्या बोटीत बूट पाय टेकायच्या पाटीला पक्के बोल्ट केलेले असतात. ते काढून टाका. टाच बसेल असा उघडा कप आणि वरून एकच वेल्क्रो, दोन्ही पायांच्या वेल्क्रोच्या टोकांना मिळून एक दोरी, ती दोरी मांडीजवळ आणून ठेवायची, एका ओढीत दोन्ही पाय मोकळे. दोरीला गाठी नकोत, लांब लोंबायला पण नको, नाहीतर तीच गुंडाळते. मांडीचा पट्टा पण तसाच, टोक वरच्या बाजूला. क्रम पाठ करायचा, पाय, मांडी, शेवटी छाती. छाती आधी सोडली की धड लटकतं आणि मग हात पायापर्यंत पोचत नाही. हा माझा क्रम आहे, तुमच्या भावानं उथळ पाण्यात स्वतःचा क्रम शोधावा, पण एकदा ठरला की बदलायचा नाही.

आणि व्हीलचेअर. तलावाच्या काठाला उतार असतो, खडी असते, ब्रेक लावलेली चेअर पण खडीवर घसरते. चेअर नेहमी उताराला आडवी लावायची आणि चेअरचा बेल्ट काठावर येण्याआधीच काढायचा. बोटीपेक्षा चेअरसकट पाण्यात जाण्याची मला जास्त भीती वाटते, कारण तिथं कोणाचंच लक्ष नसतं, सगळे बोट धरण्यात गुंतलेले.

भीमाकाठ_करमाळा

आमचं गाव उजनीच्या काठाला. २१ मे २०२४ ला कुगाववरून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले. ज्यांना पोहता येत होतं, हातपाय धडधाकट होते अशांवर ती वेळ आली. दुपारनंतर वळवाचं वारं कसं येतं ते आम्ही रोज बघतो, पाणी आरशागत असतं आणि दहा मिनिटात लाटा. आभाळ भरून आलेलं दिसलं की थांबायचंच, अजून एक फेरी मारतो म्हणायचं नाही.

हिप्परग्याबद्दल सांगतो, तिथं मासेमारीची जाळी लावलेली असतात. बारीक तंगूसची, पाण्याच्या वर फक्त बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसतात. रोइंगवाला पाठमोरा चालतो, त्याला दिसणार कसं. फ्लोट आणि वल्हं जाळ्यात घुसलं की बोट एका बाजूला ओढली जाते. तिथल्या मासेमारी करणाऱ्या लोकांशी आधी बोला, ते चांगले आहेत, कुठं जाळी आहेत, कुठं पाण्याखाली बाभळी आहेत ते हात धरून दाखवतील. सोबतच्या होडीत पण त्यांच्यातलाच एक माणूस घ्या, त्याच्या कमरेला विळा किंवा चाकू असतोच. पाणी शहराला पिण्यासाठी जातं तिथलं, तेव्हा पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल ती पण बघा. कंबर तलावाचा विचार करत असाल तर जलपर्णी बघून घ्या आधी.

होटगी_रोडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना दोनदा डोळ्यात पाणी आलं. भावाला सगळं वाचून दाखवलं. सीटबेल्ट काढला. बूट बोल्ट केलेलेच आहेत, ते पण काढायलाय. बोट मधे मापली, पाण्याला टेकते तिथं जेमतेम तीस सेंमी भरते. म्हणजे अरुंदच ना? आणि जॅकेटचं राहिलं. एकजण म्हणाला आपोआप फुगणारं घ्या, पाणी लागलं की फुगतं, भारी आहे.

वल्हेवाला_दापोडी

हो ताई, ती रेसिंग सिंगल आहे. त्यात छातीला पट्टा बांधून बसवू नका, फ्लोट लावले तरी. ती बोट देऊन त्या बदल्यात रुंद ट्रेनिंग बोट मिळते का बघा, पुण्यात क्लब बदलून देतात कधी कधी, मी पण विचारतो. तोपर्यंत त्याची सीट मशीनवर बसवून घ्या, फक्त सीटचा क्लॅम्प मशीनच्या रुळावर सरकत नाही ना आणि जोरात ओढलं की मशीन बाजूला कलंडत नाही ना तेवढं बघा. दोन्ही बाजूला एकेक माणूस उभा असला तर उत्तम.

आपोआप फुगणारं जॅकेट याला अजिबात नको. बोट उलटली, तो अजून पट्ट्यात आहे आणि जॅकेट फुगलं तर ते त्याला खालून बोटीत दाबून धरणार, आणि फुगलेल्या जॅकेटखाली पट्ट्याचा लूप सापडणारच नाही. साधं फोमचं असेल तर आखूड, छातीच्या वरच्या भागापुरतं, आणि पट्टा त्याच्या बाहेरून, म्हणजे लूप उघडा दिसतो. हातानं दोरी ओढल्यावर फुगणारं कमरेचं मिळालं तर ते पण चालेल, पण सगळे पट्टे सुटून बाहेर आल्यावरच ओढायचं हे त्याच्या हाडात मुरलं पाहिजे. कुठलंही घ्या, ते घालूनच पट्टा सोडायचा सराव करायचा.

तो सराव तलावावर नाही, पालिकेच्या स्विमिंग पूलमध्ये. बोट न्यायची गरज नाही, सीट एका लाकडी फळीवर बोल्ट करा, फळीखाली दोन ट्यूब. छातीएवढ्या पाण्यात दोन माणसं दोन्ही बाजूला उभी, तिसरा काठावर. पहिल्यांदा पट्टे न लावता उलटायचं, मग फक्त पायाचा लावून, मग मांडीचा, मग छातीचा. प्रत्येक वेळी खूण ठरलेली, त्यानं फळीवर हात आपटला की लगेच सरळ करायचं, आणि हात आपटला नाही तरी पाच मोजेपर्यंत बाहेर आला नाही तर सरळ करायचं. दमला की बंद. आईंना त्या दिवशी घेऊन जा, काठावर बसू द्या.

होटगी_रोडची_ताई

पूलवाल्यांशी बोलले, सोमवारी सकाळी जनरल बॅच संपल्यावर एक तास देतायत. पाना साहेब, सीटच्या कडांचं काम त्याच्या मित्राला जमेना, तुमच्याकडे आणली तर चालेल का? तुमचं शेड अक्कलकोट रोडला कुठं आहे?

पाना_कानस_सोलापूर

आणा की ताई, पैशाचं बोलू नका. पत्ता मेसेज करतो. भावाला पण घेऊन या, तो कसा बसतो ते बघूनच पाठीची पट्टी वळवतो. येताना कापूस जरा जास्त आणा.